मॅटचे दोन तुकडे

माझ्या मुलीची खेळायची मॅट फोमची होती, सुट्या तुकड्यांची. प्रत्येक तुकड्याच्या कडेला दाते होते. ते एकमेकांत दाबून बसवले की बैठकीच्या खोलीत मधोमध एक मऊ चौकोन तयार व्हायचा. प्रत्येक तुकड्यावर एक प्राणी. मुलगी पाच महिन्यांची झाली, पालथी पडायला लागली, तेव्हा माझ्या नवऱ्याने ती नांदेडहून आणली. जेवढा तुकडा मळेल तेवढाच काढून धुता येतो, असं खोक्यावर लिहिलं होतं. ही सोय मला फार आवडली होती.

मॅट आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी माझी माय आली. ती सेनगावच्या पुढे आमच्या गावात एकटी राहते. वडील मी नववीत असताना गेले. दोन एकर रान आहे, ते ती करते आणि उरलेल्या दिवसांत दुसऱ्यांच्या रानात जाते. गावाहून सेनगावपर्यंत जीप, तिथून हिंगोलीला एसटी, आणि बसस्टँडपासून आमच्या घरापर्यंत पायी. ती आली, पाय धुतले, पदराने पुसले आणि मॅटच्या कडेला बसली. मुलीला मांडीवर घेतलं. मुलीने तिच्या गळ्यातली मण्यांची माळ ओढली आणि माय म्हणाली, "वढ माय, वढ. तुझ्या आईनंबी अशीच तोडली हुती."

चारच्या गाडीने ती गेली. मी तिला फाटकापर्यंत सोडून आत आले तर माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, मॅटजवळ वाकल्या होत्या. त्यांनी दोन तुकडे उपसले. बदकाचा आणि हत्तीचा. माय त्या दोनच तुकड्यांवर बसली होती. त्यांनी ते मागे मोरीत नेले, फिनेल टाकून घासले आणि भिंतीला उभे करून ठेवले.

"जीपची, एसटीची धूळ असते," आत्या म्हणाल्या. "लेकरू तोंडात घालतं सगळं."

मी म्हणाले, "हो ना."

मी शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, हे मीच दरवर्षी मुलांना सांगते. त्यामुळे मला ते पटलं, असं मी ठरवलं. पण चारच दिवसांनी शेजारच्या काकू भाजीबाजारातून थेट आमच्याकडे आल्या. मेथीच्या जुडीची माती अजून त्यांच्या पायांना होती. जिराफावर ऐसपैस बसून त्यांनी तासभर गप्पा मारल्या. त्या गेल्यावर जिराफ कुणी काढला नाही. मी वाट बघितली. संध्याकाळी मुलगी त्याच जिराफावर लाळ गाळत पडली होती.

आम्ही बौद्ध. माझ्या सासरचे नाहीत. एवढं सांगितलं की पुढचं सगळं समजतं. आत्यांनी मात्र हे कधी तोंडाने उच्चारलं नाही. त्या कधी ओरडल्या नाहीत, कधी वाईट शब्द बोलल्या नाहीत. त्या फक्त दोन तुकडे धूत राहिल्या.

मी का बोलले नाही, ते सांगते. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. गावातल्या शाळेतून सेनगावला, तिथून हिंगोलीच्या कॉलेजात, हे सगळं कुणाच्या ना कुणाच्या उपकारावर झालं. हॉस्टेलात जागा मिळाली, उपकार. गुरुजींनी स्वतःची पुस्तकं दिली, उपकार. उपकार मानायची मला इतकी सवय झाली की लग्नातही मी तेच केलं. आमचं लग्न नोंदणी पद्धतीने झालं. आत्या आल्या, मला साडी दिली, घरात घेतलं. ओळखीचे सगळे म्हणाले, "नशीबवान आहेस, त्यांनी तुला स्वीकारलं." आणि मला खरंच नशीबवान वाटलं. ज्यांनी स्वीकारलं त्यांना प्रश्न कसा विचारायचा?

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. आत्या म्हणाल्या, गावात डॉक्टर नाही, इथेच होऊ द्या. तेही बरोबरच वाटलं. माय दवाखान्यात बाळंतविडा घेऊन आली. झबली, टोपडी, आणि तिच्या नेसून नेसून मऊ झालेल्या साड्यांची सहा दुपटी, हाताने शिवलेली. आत्यांनी हसून घेतली. "उकळून घेऊ आधी," म्हणाल्या. ती दुपटी कधी उकळली गेली नाहीत आणि कधी वापरलीही गेली नाहीत. नवरा म्हणायचा, "आईचं आता वय झालंय. तिला काय बदलणार आपण?" माझी माय आणि त्याची आई एकाच वयाच्या आहेत.

मग मी एक काम केलं. ते मला त्या वेळी शहाणपणाचं वाटलं. पुढच्या रविवारी माय आली तेव्हा मी तिला दारातच थांबवून जंतूंविषयी सांगितलं. बसच्या दांड्याला किती जणांचे हात लागतात, लहान मुलांची प्रतिकारशक्ती कशी असते, साबणाने किती वेळ हात धुवायचे. वर्गात सांगते तसं, बोटं मोजून. मी जरासुद्धा अडखळले नाही.

माय ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "मंग बराबर हाय. मला काय ठाव माय हे."

त्याच्या पुढच्या रविवारी ती पिशवीत धुतलेली, घडी केलेली साडी घेऊन आली. मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, साडी बदलली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता बसू का?" ती बसली. ती गेली. आत्यांनी तुकडे काढले.

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी माय फाटकापर्यंत जाऊन परत आली, तिची साडीची पिशवी राहिली होती. दारात येऊन उभी राहिली तेव्हा आत्यांच्या हातात हत्ती होता आणि बदक अर्धं उपसलेलं होतं. मी पिशवी आणून दिली. मायने ती घेतली आणि गेली. मला वाटलं, ती आता येणार नाही. खरं सांगायचं तर मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

ती आली. या वेळी साडी आणली नव्हती. पिशवीत रिठे होते, फोडून बिया काढलेले. ती बसली नाही. पदर खोचला आणि आत्यांना म्हणाली, "आणा इकडं. समदीच धुते मी. दोनच काहून धुता?"

आत्यांचा चेहरा एक क्षण उतरला. मग त्या म्हणाल्या, "धुवा की. तुमच्या हाताला सवय आहे."

तर असं ठरून गेलं. मायच्या हातांना मॅट धुवायची मुभा होती, तिच्या अंगाला मॅटवर बसायची नव्हती. धुतलेल्या मॅटचे तुकडे आत्या स्वतः परत जोडत आणि त्यावर लगेच नातीला ठेवत. तेव्हा मात्र कुणाचे हात लागले होते, याचा विचार त्यांना शिवत नसे.

पहिल्या दिवशी मायकडून चूक झाली. चैत्राचं ऊन होतं. आयुष्यभर वाकळा धुऊन दगडावर, कुंपणावर कडक उन्हात टाकलेल्या बाईने फोमचे तुकडेही गच्चीवर उन्हात पसरले. दुपारपर्यंत त्यांचे कोपरे पापडासारखे वर आले. दाते दात्यांत बसेनात.

आत्या म्हणाल्या, "वाकळ वाटली का ती?"

मी माझ्या मायवर ओरडले. नवरा, आत्या, दोघांच्या समोर. "तुला विचारता येत नाही का? प्रत्येक गोष्ट तुझ्या मनानेच करायची?" मी इतकी ओरडले की आत्याच म्हणाल्या, "जाऊ दे, त्यांना काय माहीत." त्या दिवशी आत्या माझ्या मायच्या बाजूने बोलल्या आणि मी विरुद्ध. मला वाटतं, मी ओरडले ते आत्यांना बरं वाटावं म्हणून.

मायने एकेक तुकडा पुसला, आतल्या खोलीत फरशीवर सपाट मांडला आणि त्यावर गव्हाची दोन पोती ओढून ठेवली. पुढच्या रविवारपर्यंत तुकडे सरळ झाले होते. मग ती कधीच चुकली नाही.

तिची पद्धत मी अजून विसरले नाही. आधी तुकडे सुटे करून गच्चीच्या कठड्यावर झटकायचे, म्हणजे बिस्किटांचा चुरा पडतो. मग जुन्या टूथब्रशने प्रत्येक दात्याच्या खाचेतून वाळलेलं दूध, भाताची शितं काढायची. रिठ्याच्या कोमट पाण्यात फडकं पिळून दोन्ही बाजू पुसायच्या, फोम भिजू द्यायचा नाही. जिथे मुलीने शू केली असेल तिथे खायचा सोडा भुरभुरून अर्धा तास ठेवायचा, वास निघून जातो. साध्या पाण्याने पुसायचं. सावलीत, वाऱ्याला, भिंतीला टेकवून उभे करायचे. फरशी पुसून कोरडी झाल्यावरच मॅट आत्यांकडे मांडायला द्यायची, आणि सोबत खाली कोपऱ्यांत ठेवायला वाळलेला कडुलिंबाचा पाला. फिनेल तिने बंद करायला लावलं. "लेकराच्या नाकात जाते ते," म्हणाली. आत्यांनी ऐकलं. मॅटला नव्या रबराचा जो घाण वास होता तो गेला. खोलीत शिरलं की प्रसन्न वाटायचं.

हे सगळं होईपर्यंत दोन-अडीच तास जात. तेवढा वेळ मुलगी आत्यांच्या कडेवर किंवा पाळण्यात. माय काम करता करता लांबूनच तिच्याशी बोलायची. "काय गं चिमणे, दात आला का? दाखव. न्हाई दाखवत? मंग जा." मुलगी हसायची. मांडीवर घेणं आपोआप बंद पडलं होतं, कारण हात ओले असायचे. नंतर गाडीची वेळ व्हायची.

पावसाळ्याच्या दिवसांत शेजारच्या काकूंकडे त्यांच्या बहिणीची सून राहायला आली होती. एका रविवारी त्या दोघी आमच्याकडे आल्या. माय मागच्या ओट्यावर तुकडे पुसत होती. दार उघडं होतं. ती सून बराच वेळ बघत राहिली आणि मला म्हणाली, "किती नीट करते हो ही बाई! कुठून लावली? आमच्याकडे पण पाठवा की."

काकू साडीच्या काठाशी चाळा करत होत्या. आत्या पंख्याकडे बघत होत्या. दोघीही माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, आणि त्यामुळेच मला कळलं की दोघी वाट बघताहेत.

मी म्हणाले, "नाही हो. तिला वेळ नसतो."

एवढंच. खोटं काहीच नव्हतं त्यात. तिला खरंच वेळ नसायचा.

ओट्यावरून मायचा आवाज आला. "व्हय बाई, दुसरं घर न्हाई जमत मला. लई लांबून येते." थोड्या वेळाने ती दारात आली. हातात पिळलेलं फडकं. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, हे फडकं कुठं वाळू घालू?"

माझ्या जन्मदात्या बाईने मला ताई म्हटलं. मी बोटाने दोरी दाखवली.

त्यानंतर खरंतर सगळं सोपं झालं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. घरात मी तिला माय म्हणून हाक मारणं सोडलं, कुठलीच हाक मारत नसे. तिच्याजवळ जाऊन बोलायचे. तीही चारचौघांत मला बाई, माय, काही म्हणत नसे. रविवारी येणारी एक बाई आणि तिच्या कामाची तारीफ. आत्या तिला जाताना भाजी बांधून देत आणि मला त्यांच्या मनाचा मोठेपणा वाटत असे.

मुलगी चौदा महिन्यांची झाली. चालायला लागली होती, चार पावलं आणि धप्प. जे बघेल ते करायची. आत्यांसारखी टाळ्या वाजवून देवाला नमस्कार करायची, नवऱ्यासारखा कानाला मोबाईल लावायची, काही सांडलं की आत्यांसारखं नाक मुरडायची. त्या रविवारी मायने मॅट धुतली, वाळवली, आणि आत्या स्वयंपाकघरात असल्यामुळे पहिल्यांदाच स्वतः जोडून मांडली. शेवटचा तुकडा दाबून बसवण्यासाठी तिने मॅटवर गुडघा टेकला, दोन्ही तळहात टेकले. मुलगी समोर उभी होती. माय तशीच ओणवी, तिच्याकडे बघून म्हणाली, "ये. ये माझ्याकडं. ये ना गं."

मुलगी निघाली. एक पाऊल, दोन पावलं. मायने हात पुढे केले. मुलगी तिच्यापाशी आली, खाली बसली, बाजूला पडलेलं फडकं ओढलं आणि जिथे मायचे तळहात टेकले होते तिथे पुसायला लागली. एका जागी पुसलं. मग दुसऱ्या जागी. मग आजीच्या गुडघ्यापाशी फडकं नेऊन, तिला ढकलून, तिथेही. आणि नाक मुरडून म्हणाली, "छी."

आत्या दारात आल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली. "अगं बाई! बघा तर खरं! किती हुशार आहे ही!"

नवरा हसला. माय हसली. "व्हय," म्हणाली, "लई हुशार हाय." मुलगी सगळे हसतात बघून आणखी जोरात पुसायला लागली.

मीही हसले.

त्या दिवशी मी मायला बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. एरवी जात नसे. सेनगावची गाडी लागायला वेळ होता. ती सिमेंटच्या बाकावर बसली, मी उभी राहिले.

"लेकराचं काय घेऊन बसली," ती म्हणाली, मी काही बोलायच्या आधीच. "ते बघतं ते करतं. अन् तुझ्या सासूचं मला कायबी वाटत न्हाई. परकी बाई हाय ती." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काहून हसली?"

सगळे हसत होते म्हणून, हे उत्तर होतं, पण ते तोंडातून निघालं नाही. गाडी आली. ती चढली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीत जाऊन बसली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर म्हणायची, कापूस वेचणीला आलाय. वेचणी होऊन गेली तरी तेच म्हणायची. मॅट दोन-तीन वेळा मी धुतली. घाईत धुतली, तुकडे ओले असतानाच मांडले आणि खालून कुबट वास यायला लागला. आत्या एकदा नाकाला पदर लावून म्हणाल्या, "तुझी आई का येईना गं? घरात वास मारतोय." त्या सबंध काळात पहिल्यांदा त्यांनी "तुझी आई" म्हटलं.

त्या संध्याकाळी मी शेजारच्या काकूंकडे गेले. वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने. दारात उभं राहून एका दमात बोलून टाकलं, "काकू, ती रविवारी येऊन मॅट धुवायची ना, ती कामाची बाई नाही. माझी आई आहे ती."

काकूंनी साखरेचा डबा उघडला. "हे काय, मला माहीत आहे की. बाळंतपणाला दवाखान्यात आली होती तेव्हाच बघितलं होतं मी तिला." वाटी भरून माझ्या हातात दिली. "गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. तू कधी सांगतेस तेच बघत होतो आम्ही."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली आणि मुलीला घेऊन गावाला गेले. आत्यांना सांगून गेले, विचारून नाही. एवढं मात्र केलं.

माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मुलीला बघून तिने हात झटकले, पण पुढे आली नाही. मी सगळं सांगितलं. काकूंना सांगून टाकलं, आता कुणापासून लपवायचं नाही, आता तू येऊन खुशाल मॅटवर बस, बघू कोण उठवतं.

ती शांतपणे ऐकत होती. जंतूंविषयी ऐकलं होतं तशीच.

"सांगितलं ते बरं केलं," ती म्हणाली. "पर मी आता येत न्हाई तिथं."

"मग हिला कधी बघशील?"

मायने मुलीकडे हात केला. मुलगी माझ्या मागे लपली आणि रडायला लागली. मी तिला पुढे ढकललं तसा तिने आणखी सूर लावला. माय म्हणाली, "राहू दे. वळख न्हाई तिला माझी. कसं यील?" तिने पुन्हा शेंग उचलली. दोन-तीन शेंगा सोलून झाल्यावर, मान वर न करता म्हणाली, "आठ दिस ठेव तिला इथं. तू जा. रडंल एक दिस, दोन दिस. मंग माझी व्हईल ती. आठ दिसांनी ये अन् घेऊन जा."

अंगण शेणाने सारवलेलं होतं. कोंबड्या फिरत होत्या. रांजण उघडा होता. मी ज्या अंगणात रांगले, माती खाल्ली आणि पुढे बी.एस्सी. झाले, त्या अंगणाकडे मी बघितलं, आणि मला रांजणावरच्या माश्या दिसल्या. आत्या काय म्हणतील तेही दिसलं. मी म्हणाले, "माय, तिला माझ्याशिवाय झोप येत नाही. आणि तिचं दूध वेगळं असतं. आणि पुढच्या आठवड्यात डोस आहे."

डोस नव्हता.

मायने आणखी एक शेंग सोलली. "बराबर हाय," म्हणाली.

दुपारी ती आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आली. जीप थांबवली, ड्रायव्हरला म्हणाली, "लेकरू हाय, समोर बसवा." मुलगी बसल्या बसल्या झोपली. मी काचेतून बघितलं तर माय परत निघाली होती, जीप सुरू होण्याआधीच.

आता मुलगी साडेतीन वर्षांची आहे. महिन्या-दोन महिन्यांनी मी तिला एका दिवसासाठी गावाला नेते. ती मायला ओळखते, लांबून आजी म्हणते, माझी ओढणी धरून बसते. संध्याकाळच्या आत आम्ही परत येतो. ते आठ दिवस मी अजून दिलेले नाहीत, आणि मायने ते पुन्हा मागितले नाहीत.